वेचणीच्या दिवसांतली नाव

माझ्यावर सगळ्यांत जास्त उपकार कुणाचे, असं कुणी विचारलं तर मी एकच नाव घेतो. गयाक्का. माझी थोरली बहीण. आई-वडील मला आठवतही नाहीत इतक्या लहानपणी गेले. गयाक्का लग्न होऊन गंगेच्या काठावरच्या वाडीत नांदायला निघाली, तेव्हा तिच्याबरोबर पाठराखणीला मला धाडलं होतं. "पाठराखीण चार दिवसांनी माघारी जाते, आमच्या घरी आलेला पाठराखा कॉलेजला जाईपर्यंत हललाच नाही," असं दाजी सोयऱ्याधायऱ्यांना हसत सांगायचे. त्या हसण्यात खोट नव्हती. पण मला हलू दिलं नाही ते अक्कानं.

आमच्याकडे गोदावरीला कुणी गोदावरी म्हणत नाही, गंगा म्हणतात. मीही तसंच म्हणेन.

हे लिहायला बसलो त्याला कारण या गाड्या. मी आता सोनपेठच्या एका शाळेत शिकवतो. शाळेसमोरच्या रस्त्यानं गेले कित्येक दिवस कापसाच्या गाड्या चालल्यात. तट्ट्यांच्या वर कापूस इतका दाबून भरलेला असतो की गाडी वळणावर आली की काठच्या बाभळी तिला ओरबाडतात आणि काट्यांना पांढरे पुंजके लटकत राहतात. सकाळच्या दवात ते पुंजके ओले होऊन खाली मान घालतात, ऊन चढलं की पुन्हा फुलतात. वर्गात खिडकीतून सरकीचा तो तेलकट, उबदार वास येतो. मुलांना तो वास आवडतो. घरात कापूस आला म्हणजे नवे कपडे येणार, हे त्यांना माहीत आहे.

माझं मात्र या वासानं डोकं तापतं. तीन वर्षं झाली, दर वर्षी तापतं. शिकलेल्या माणसानं राग गिळावा, विसरावा, असं मला पुष्कळांनी सांगितलं. मी प्रयत्नही केला. पण काही राग विसरले तर आपण कोण, कुठून आलो, तेही त्यांच्याबरोबर विसरलं जाईल, अशी मला भीती वाटते.

*

वेचणीला पहाटेच जावं लागतं. दव असतं तोवर पऱ्हाटीची वाळकी पानं नरम राहतात, चुरा होऊन कापसात मिसळत नाहीत. ऊन तापलं की पत्ती चुरते, कापूस काळवंडतो आणि मालक तोंड वाकडं करतो. म्हणून बाया तांबडं फुटायच्या आत घाटावर. अक्काची वाडी उत्तर काठाला आणि कापसाची काळी रानं दक्षिण काठाला, सोनपेठच्या अंगाला. मध्ये गंगा. दिवाळीनंतर पाणी निवळतं, हिरवंगार होतं, पण घाटापाशी अजून डोक्यावरून जाणारं असतं. पायी पार होण्याइतकं उतरायला संक्रांत ओलांडावी लागते. तोवर नाव.

त्या नावेत मी अक्काच्या मांडीवर बसून किती वेळा पलीकडे गेलो, याला गणती नाही. पाण्यावरून धूर उठावा तशी वाफ निघत असायची. बाया एकमेकींना चिकटून बसायच्या, डोक्यावरून पदर, मांडीवर भाकरीची फडकी. वल्ह्याचं पाणी गळायचा आवाज आणि कुणाच्या तरी सासूची चेष्टा. परतताना त्याच नावेत कापसाची गाठोडी यायची, कारण वेचणीला मजुरी म्हणून वेचलेल्यातलाच वाटा मिळायचा. अंधुक उजेडात ती नाव लांबून ढग वाहून आणल्यासारखी दिसायची.

बोंडाची वाळलेली टोकं सुईसारखी असतात. अक्काच्या बोटांना या दिवसांत कायम चिरा. ती त्यात रात्री मेण वितळवून भरायची आणि तोंडानं फूं-फूं करत मला म्हणायची, "वाच की रं, थांबलास कामून?" मी वाचायचो. ते काय होतं हे तिला कळत नसे. माझी शाळा उर्दूतून सुरू झाली आणि राज्य बदललं तशी मराठीतून संपली. अक्काला दोन्ही सारखंच. माझा आवाज चालू आहे ना, एवढं ती पाही.

मी कॉलेजला हैदराबादेला निघालो तेव्हा तिनं मला एक उशी दिली. आपल्या वाट्याचा कापूस, सरकी हातानं काढलेली. सगळी निघाली नव्हती. रात्री कूस बदलली की एखादी सरकी कानाखाली टोचायची आणि मी जागा व्हायचो. वसतिगृहातली मुलं हसायची. मी ती उशी कधी पिंजून घेतली नाही. माझं बी. ए. त्या उशीवर झालं.

*

आता नावेचं सांगतो, कारण पुढचं सगळं त्यावर आहे.

घाटावरची नाव खंडूमामाची. म्हणजे लाकूड त्याचं, वल्हं त्याचं. पण नाव त्याची एकट्याची नव्हती. ज्वारीचं खळं झालं की दोन्ही काठांवरचं प्रत्येक घर त्याच्या पदरात सुपानं दाणे घालायचं. ज्याचं मोठं खळं त्याचं भरलेलं सूप, ज्याला रान नाही तोही ओंजळभर. ते एकदा झालं की वर्षभर नावेत बसताना कुणी काही द्यायचं नाही आणि खंडूमामानं कुणाला नको म्हणायचं नाही. मध्यरात्री पलीकडून हाक आली तरी उठायचं. हा कुठं लिहिलेला कायदा नव्हता. तसं चालत आलं होतं.

खंडूमामा बोलका. नाव जड झाली की म्हणायचा, "कुनीतरी खोटं बोलून चढलंय. खरं बोला, नाव हलकी हुईल." मग बाया एकमेकींची लफडी काढायच्या आणि पलीकडचा घाट कधी आला ते कळायचं नाही.

*

बी. ए. होऊन मी सेलूला मास्तर झालो. लहानशी खासगी शाळा होती, आता ती बंद पडली. शाळेच्या कमिटीचे अध्यक्ष तिथल्याच एका जिनिंगचे मालक. त्यांना सगळे शेठजी म्हणत, मीही तेच म्हणतो, नाव लिहीत नाही. माणूस वाईट नव्हता, हे मला मुद्दाम सांगितलं पाहिजे. शाळेला त्यांनी पत्रे घातले होते. गरीब मुलांना पाट्या देत. कापूस नुसता चिमटीत घेऊन तो कुठल्या रानातला ते सांगत. माझ्या पाठीवर हात ठेवून पाहुण्यांना म्हणत, "हा आमचा ग्रॅज्युएट. वेचणाऱ्या बाईचा भाऊ!" त्या वेळी मला अभिमान वाटायचा.

जिल्हा मुंबई राज्यात जाऊन वर्ष झालं होतं. शेठजींचे मुंबईचे व्यापारी पाहुणे वरचेवर येऊ लागले. त्यांतल्या एका गृहस्थांना शिडाच्या होडीतून समुद्रात फिरायचा नाद. ते बेटांच्या गोष्टी सांगायचे. कुठल्या बेटाच्या आडोशाला वारा लागत नाही, कुठल्या बंदरात होड्या बांधायला ओळीनं खुंट आहेत, काठावर गोडं पाणी, वेताच्या खुर्च्या आणि मागितलं की चहा. शेठजी ऐकून इरेला पेटले. "आमची गंगा काय कमी आहे? आमच्याकडंही बेटं आहेत!" मग मला बोलावणं आलं.

"मास्तर, तुम्ही गंगाकाठचे. आठ दिवसांची सफर काढायची. घाई नाही, गडबड नाही, आरामात जायचं. दोन-तीन दिवसांनी नवीन बेट. कुठं उतरायचं, कुठं नाव बांधायची, ते तुम्ही दिवाळीच्या सुट्टीत बघून ठेवा."

"आणि नाव कुठली, शेठजी?"

"नाव येणार आहे खालून, नांदेडच्या अंगाकडून. त्याची चिंता तुम्ही करू नका."

मी खूश झालो. खोटं कशाला बोलू? मला माझी नदी कुणाला तरी दाखवायची होती.

*

ती दिवाळीची सुट्टी माझ्या आयुष्यातले फार सुंदर दिवस. नावेच्या दोन फेऱ्यांमध्ये वेळ मिळाला की खंडूमामा मला आपल्या लहानशा डोणीत बसवून खाली न्यायचा. ती डोणी इतकी अरुंद की खोकायचं तरी विचार करून. नदीकाठी वाढूनही मी नदी अशी कधी पाहिली नव्हती. नदी म्हणजे ओलांडायची गोष्ट, एवढंच ठाऊक होतं. तिच्या लांबीवरून कुणी जातं, हे सुचलंच नव्हतं.

थांबायला जागा चांगली की वाईट हे ठरवायला मी माझ्या मनानं शिकलो. थंडीत वारा उगवतीकडून येतो, तेव्हा राहुट्या बेटाच्या मावळत्या अंगाला हव्यात, झाऊच्या झुडपांच्या आड. काठ एकदम खोल हवा, नाहीतर नाव वाळूत रुतते आणि पाहुण्यांना गुडघाभर चिखलातून उतरावं लागतं. पण अगदी दरडीखालीही नको, पावसाळ्यात भिजलेली दरड थंडीतही ढासळते. वाळू पाण्यापासून उंच आणि कोरडी हवी. सकाळचं ऊन लवकर मिळावं आणि संध्याकाळी सूर्य पाण्यात बुडताना दिसावा.

खंडूमामा माझी ही धांदल बघून म्हणायचा, "मास्तर, बेटावर ऱ्हायला कोन जातंय? येक तर बगळा, न्हाई तर बायकूशी भांडलेला नवरा."

"पाहुणे जाणार आहेत, मामा."

"मंग ते बी भांडूनच आलेले आसतील."

पहिली जागा मी धरली ती घाटाखालच्या लांब वाळवंटाची. तिथं टिटव्यांनी आम्हाला उतरू दिलं नाही, डोक्यावर घिरट्या घालून शिव्या दिल्या. दुसरी जागा एका जुन्या महादेवाच्या पायऱ्यांची. काळ्याभोर दगडाच्या पायऱ्या थेट डोहात उतरतात आणि शेवटच्या पायरीला नावेचा दोर ओवायला आरपार भोक कोरलेलं आहे. कुणी, कधी कोरलं देव जाणे. त्या डोहाचं पाणी इतकं निश्चल की चक्रवाकांची जोडी उतरली तरी पाण्याला जाग येऊ नये. आणि तिसरी जागा जांभळीचं बेट. नदी तिथं दोन हातांनी त्या बेटाला कवेत घेते. वर दोन-तीन जांभळी, खाली बारीक, पिठासारखी वाळू. हातभर उकरलं की गोड पाण्याचा झिरा लागतो. मी तिथं भर दुपारी जांभळीखाली उताणा पडलो आणि मला झोप लागली. जागा झालो तेव्हा वाटलं, या जागेला माझ्या आवडीची म्हणायचा मला हक्क आहे का? माझ्या घरचं कुणी असं पाण्याकाठी दुपारचं निजलेलं नव्हतं.

त्या संध्याकाळी अक्का कापूस निवडत बसली होती. मी तिला सगळं सांगत होतो.

"तितं काय पिकतंय?" तिनं विचारलं.

"काही नाही अक्का. वाळू आहे."

"मंग सरपन आनायला जायलेत व्हय पाव्हने?"

"नाही. बसायला."

"बसायला?" तिचे हात थांबले. "निस्तं बसायला?"

"हो. आराम करायला."

"घरी बाज न्हाई का त्यायला?" आणि ती अशी हसली की डोळ्यांत पाणी आलं. दाजी ओसरीतून म्हणाले, "हसायला काय झालं?" तिनं त्यांनाही सांगितलं. तेही हसले. अक्का पुन्हा कापसातली पत्ती काढू लागली. आणि मान वर न करता हळूच म्हणाली, "वाळू गार आसती का रं तितली, सांजच्याला?"

मला ते ठाऊक नव्हतं. मी तिथं दुपारीच गेलो होतो.

*

सफरीच्या दिवशी मी शेठजींच्या मोटारीतून पाहुण्यांबरोबर घाटावर आलो. नुकतं उजाडलं होतं. आधीच्या दिवशीच शेठजींचे दिवाणजी त्याच मोटारीतून सामान घेऊन पुढे आले होते.

खालच्या अंगाची नाव आली नव्हती. ती कधी यायचीच नव्हती. घाटावर खंडूमामाचीच नाव उभी होती, पण मला ती ओळखू येईना. घासून धुतलेली. तळाशी गाद्या, गाद्यांवर पांढऱ्याशुभ्र चादरी, लोड, तक्के. वर चार बांबूंवर रंगीत कापडाचं छत. एका कोपऱ्यात शेगडी, पानाचा डबा, आणि ग्रामोफोनचा भोंगा पाण्याकडे तोंड करून. त्या गाद्यांत कापूस होता.

आणि घाटाच्या वरच्या दगडावर बाया. सगळ्या वेचणाऱ्या बाया, ओचे खोचलेल्या, कुडकुडत, भाकरीची फडकी काखेत. माझी बहीण त्यांत. त्या अंधारापासून तिथं उभ्या होत्या. दिवाणजींनी त्यांना सांगून टाकलं होतं, "नाव बंद. आठ दिवस बंद. घरी जा."

आठ दिवस! भर वेचणीत! बोंड फुटून लोंबायला लागलं की ते कुणासाठी थांबत नाही. वारा सुटला की खाली, दव पडलं की काळं. पलीकडचा मालक वाट बघून दुसऱ्या बाया लावणार, आणि वाडीतल्या घरांचा वर्षाचा वाटा गेला. हे शेठजींना माहीत नव्हतं असं कसं म्हणू? कापूस चिमटीत घेऊन रान ओळखणारा माणूस! त्यांना रान दिसत होतं, बाई दिसत नव्हती. पाण्याला ओहोटी लागायच्या आत सफर उरकायची म्हणून हेच दिवस धरले होते, आणि पाणी असतं म्हणूनच बायांना नाव लागते, ही साधी गोष्ट त्यांच्या मनाला शिवली नव्हती.

मी खंडूमामाकडे धावलो. त्यानं धुतलेलं मुंडासं बांधलं होतं आणि तो माझ्याकडे बघत नव्हता.

"मामा, हे काय?"

"काल मोटार आली, हुकूम आला. सरकारच आसंल म्हनलं मी. पयले बी आसंच यायचे, नाव घिऊन जायचे. सरकारला न्हाई कसं म्हनावं?"

"मामा, हे सरकार नव्हे. सेलूचे जिनिंगवाले शेठ आहेत."

खंडूमामानं वल्हं खाली टेकवलं. "सरकार न्हाई?"

"नाही."

"मंग आगुदर सांगायचं की वो! मी रातभर नाव घासायलाव!"

वरून बायांचं हसू ऐकू आलं. पण मला हसू आलं नाही. कितीतरी वर्षांची वेठ त्या एका वाक्यात बसली होती. जहागीरदार गेले, निजाम गेला, पोलीस ॲक्शन झालं, गावोगाव झेंडे लागले, आणि आमच्या घाटावर मोटारीचा आवाज आला की माणूस अजून नाव घासायला घेतो! त्याला कुणी विचारलं नव्हतं. त्याला कुणी 'देतोस का?' म्हटलं नव्हतं. घेणाऱ्यालाही विचारायची सवय नाही आणि देणाऱ्यालाही नाही म्हणायची.

अक्का पायऱ्या उतरून खाली आली. शेठजींसमोर उभी राहिली. पदर डोक्यावर ओढला, पण आवाज खाली आणला नाही.

"मालक, ही नाव लय चांगली सजवली तुमी. पर हिच्यात माज्या खळ्याची जवारी हाय. ह्या समद्यायची हाय. बसू द्या."

"बाई, दोन-चार दिवस नाही गेलात तर काय आभाळ कोसळतंय का?" शेठजी म्हणाले. चिडले नव्हते. समजावणीच्याच सुरात म्हणाले, आणि तेच मला जास्त लागलं.

"आभाळ न्हाई कोसळत. बोंड पडतंय," अक्का म्हणाली.

शेठजी माझ्याकडे वळले. "मास्तर, तुम्ही समजवा यांना. तुमचं ऐकतील. तुम्ही शिकलेले."

मी शिकलेला होतो, हे खरं. ज्या हातांनी मला शिकवलं ते हात माझ्यासमोर होते, मेण भरलेले. त्यांनाच नावेतून माघारी लावायला मी शिकलो होतो?

"शेठजी, मुक्कामाच्या जागा मी निवडायच्या असं ठरलं होतं ना?"

"होय. मग?"

"मग पहिला मुक्काम मी निवडलाय. समोरचा घाट."

आणि मी दगडाला बांधलेला दोर सोडला.

अक्कानं पहिलं पाऊल टाकलं. ओल्या मातीचं पाऊल पांढऱ्या चादरीवर स्पष्ट उमटलं. तिनं ते पाहिलं, क्षणभर थबकली, आणि दुसरं टाकलं. मग सगळ्याच चढल्या. "लोडाला टेकून बस गं, भागिरथे, पाटलीनबाई झालीस आज!" "तेवडा भोंगा वाजवा म्हनावं!" दिवाणजी "अहो, अहो" करत राहिले.

शिडाच्या होडीचा नाद असलेल्या त्या गृहस्थांच्या पत्नी, पाहुण्या बाई, आधीच नावेत जाऊन बसल्या होत्या. त्यांना उतरायला सवडच मिळाली नाही. त्या आपली पिशवी मांडीवर घेऊन सरकल्या आणि अक्काला जागा करून दिली. नाव निघाली. मी नाळेवर, नावेच्या पुढच्या टोकाला होतो, म्हणून त्यांचं बोलणं मला ऐकू आलं.

"कुठे निघालात तुम्ही सगळ्या?" बाईंनी विचारलं.

"कापूस येचायला. तुमी?"

"आम्ही... बेटावर राहायला."

"काय काम काढलं तितं?"

बाई अक्काच्या बोटांकडे बघत राहिल्या. पलीकडे उतरताना अक्कानं चादरीवरची माती पदरानं झटकायचा प्रयत्न केला. बाई म्हणाल्या, "असू द्या हो." त्या परत आल्यावर आपल्या यजमानांशी काय बोलल्या मला माहीत नाही. ते गृहस्थ टोपी हातात घेऊन मोटारीत जाऊन बसले.

खंडूमामानं मात्र शेठजींना मनापासून सांगून पाहिलं, "मालक, आता सांजवर मी मोकळाच हाय. येकांदी हाक आली तर तेवडी फेरी करीन, बाकी वखत तुमाला डोहात फिरवून आनतो. सांजच्याला ह्यायला आनायचं मातर हाय." शेठजींनी त्याच्याकडे पाहिलंही नाही. गाद्या उतरवायला लावल्या. जाताना मला म्हणाले, "मास्तर, तुमची सुट्टी आता वाढवूनच घ्या."

*

सेलूला परतलो तेव्हा माझ्या जागी दुसरे मास्तर वर्गावर उभे होते. हेडमास्तर भले गृहस्थ, त्यांनी मला बाजूला घेतलं. "किसनराव, एवढे कष्ट करून शिकलात, आणि एका नावेपायी..." पुढचं त्यांनी बोलून दाखवलं नाही. नंतर पुष्कळांनी दाखवलं. गावाकडचेही म्हणाले की मी उतावीळपणा केला, शेठजींना नंतर एकांतात सांगायला हवं होतं. नंतर म्हणजे कधी? कापूस गळून पडल्यावर?

त्यानंतर मला सोनपेठला नोकरी मिळाली. राज्य पुन्हा एकदा बदललं, आता आपलं स्वतःचं झालं. माझ्या एवढ्याशा आयुष्यात तीन वेळा झेंडावंदनाची नवी भाषणं मी ऐकली, त्यातलं एक स्वतः दिलं. दर वेळी मनात तोच एक प्रश्न येतो, घाटावर मोटार आली तर खंडूमामा आज काय करील? मागच्या महिन्यात मी त्याला विचारलंच. तो म्हणाला, "आता आगुदर इचारतो, कोन हाव म्हनून." एवढं झालं. तीन राज्यांनी मिळून एवढं झालं, आणि तेही राज्यांनी केलेलं नाही.

पण माझा खरा राग आता शेठजींवर उरलेला नाही. तो त्याहून मोठ्या कशावर तरी आहे. ज्यांच्या मनात येईल त्यांनी आठ दिवस बेटावर पडून राहावं, आणि ज्या बाईनं उभा जन्म ती नदी ओलांडली तिला त्या बेटाची वाळू गार आहे की कोमट हे विचारावं लागावं, तेही मान खाली घालून, जणू काही चोरीच करते आहे! अक्का या वर्षीही वेचणीला जाते. वेचणी संपली की हरभरा, हरभरा झाला की ज्वारीचं खळं, आणि खळं होईपर्यंत पाणी इतकं उतरतं की जांभळीच्या बेटापर्यंत नाव पोचत नाही. दर वर्षी ती म्हणते, "येवडी येचनी हू दे." मी दर वर्षी तिला बेटाची आठवण करून देतो. देत राहणार.

सेलूतलं सामान बांधलं त्या दिवशी मी तिला पत्र लिहिलं होतं. तिला वाचता येत नाही. वाडीतल्या शाळेचे गुरुजी पारावर बसून मोठ्यानं वाचत आणि सगळी वाडी ऐके, त्यामुळे पत्रात मनातलं लिहायची सोय नसे. तरी मी लिहिलं.

"ती. स्व. गयाक्का हिला किसनाचा साष्टांग नमस्कार. दाजींनाही सांगणे.

माझी इथली नोकरी गेली आहे. तू रडू नको आणि कुणाला रडू देऊ नको. दुसरी मिळेल. मी काही वावगं केलेलं नाही. दोर सोडला तो मी सोडला, तुझा किंवा खंडूमामाचा त्यात काही दोष नाही, हे गुरुजींनी सगळ्यांना ऐकू जाईल असं पुन्हा एकदा वाचावं.

नाव रोज वेळेवर सुटते ना? बोटांना मेण लावत जा.

शेठजींसाठी मी तीन जागा निवडल्या होत्या. दोन त्यांना सांगितल्या होत्या. तिसरी सांगायची राहिली, आता ती आपली. वेचणी झाली की एक दिवस काम काढू नको. भाकरी बांध, खंडूमामाला सांग, तू, दाजी आणि मी जांभळीच्या बेटावर जाऊ. तिथं काही पिकत नाही. सरपण आणायचं नाही. तू म्हणालीस तसं, नुसतं बसायचं.

तू त्या दिवशी एक विचारलं होतंस, त्याचं उत्तर राहिलं होतं. वाडी सोडायच्या आदल्या दिवशी मी मामाच्या डोणीतून मुद्दाम तिथं गेलो, दिवस मावळेपर्यंत थांबलो, आणि हात लावून पाहिला.

गार असते, अक्का."